आठ खांबांचा बँडस्टँड

एकदा एका छावणीच्या गावात घडलेली ही गोष्ट आहे. बातमी होण्याजोगे तिच्यात काही नाही. कोणाचा जीव गेला नाही, कोणाच्या घरी चोरी झाली नाही. भर सभेत एका मुलीचा आवाज फाटला, आणि त्यात तिची काही चूक नव्हती, एवढेच. मला विचाराल तर गोष्ट सांगायला एवढे पुरेसे आहे.

त्या गावात एक वृद्ध बँडमास्तर राहत. त्यांचे नाव जोसेफ साळवे, पण ते पोस्टमनखेरीज कोणी उच्चारत नसे. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. तरुणपणी त्यांनी छावणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवले, पुढे क्लबात पियानो, आणि उतारवयात चर्चमध्ये ऑर्गन. आता गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, तरी बोटे शाबूत होती आणि कान तर असे, की शेजारच्या घरात कुकरची शिट्टी कोणत्या पट्टीत झाली हे ते बसल्या जागी सांगत. त्यांच्याकडे मोजकी माणसे पियानो शिकायला येत. त्यांतला लाडका शिष्य म्हणजे हेरंब.

हेरंब कीर्तनाच्या घरातला. वडिलांनी आयुष्यभर कीर्तनाला पेटीची साथ केली, आणि हाही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसत मोठा झाला. दिवसा तो शाळेत गणित शिकवी. संध्याकाळी मास्तरांकडे जॅझ शिकायला येई. या संगीतात चाल ठरलेली असते, पण मधल्या मोकळ्या जागेत वादकाने त्या क्षणी सुचेल ते वाजवायचे असते. हेरंबला त्या मोकळ्या जागेचे वेड लागले होते. गणितात अशी मोकळीक त्याला कोण देणार?

त्यातच त्याला एक नवे खेळणे सापडले. त्याचे नाव डिमिनिश्ड स्केल, म्हणजे सुरांची एक खास शिडी. मास्तरांनी ते शिकवले नव्हते. हेरंबने ते आपले आपणच शोधून बसवले. या स्केलची चाल मोठी गमतीची. एक पूर्ण पाऊल, एक अर्धे. पुन्हा पूर्ण, पुन्हा अर्धे. असे चालत गेले की आठ सुरांनी माणूस निघाला होता तिथेच येतो. आपल्या नेहमीच्या सात सुरांत पावले अशी नेमाने पडत नाहीत. कुठे अंतर लांब, कुठे आखूड, आणि त्या असमानतेवरूनच कानाला कळते की षड्ज कुठे आहे, घर कुठे आहे. इथे मात्र सगळीकडे सारखीच आखणी. बारा सुरांपैकी कुठूनही सुरुवात करा, निरनिराळी अशी स्केल हाती येतात तीनच. बाकीची सगळी त्यांचीच पुनरावृत्ती. आणि या स्केलमध्ये घोळणारी एकच सुरावट चार वेगवेगळ्या पट्ट्यांत जाऊन विसावू शकते. गणिताच्या माणसाला अशी सममिती दिसली की त्याच्या तोंडाला पाणी सुटते. हेरंबचे तसेच झाले. जेवताना त्याची बोटे ताटाच्या कडेवर पूर्ण-अर्धे, पूर्ण-अर्धे चालू लागली.

त्याने एके संध्याकाळी ते मास्तरांना वाजवून दाखवले. बोटे पियानोवर अशी धावली की खिडकीतली चिमणी उडाली.

"छान आहे," मास्तर म्हणाले. "आता यातून बाहेर कसा येतोस?"

"कुठूनही येता येतं, मास्तर. चार दारं आहेत!"

"हं," मास्तर म्हणाले. "चार दारांच्या घरात मला नीट झोप लागत नाही बुवा."

हेरंब हसला. म्हातारी माणसे नव्या गोष्टींना जरा बिचकतातच, असे त्याला वाटले. तरुणपणी आपल्या सगळ्यांनाच तसे वाटते, त्यामुळे त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता सलोमीविषयी सांगतो. सलोमी मास्तरांच्या चर्चमधल्या गायकवृंदात लहानाची मोठी झाली. पुढे हेरंब आणि ती एकाच महाविद्यालयात होते, आणि तेव्हापासून ती गाई व तो पियानो वाजवी. शब्द मराठी, चाल जॅझची, असा त्यांचा घाट होता. सलोमीचा आवाज फार चढा नव्हता, पण खालच्या सुरांत त्याला अशी ऊब होती की ऐकणारा माणूस बोलता बोलता थांबे. हेरंबला तर तिच्याशिवाय आपला पियानो अर्धा वाटे. हे त्याने तिला कधी सांगितले नव्हते, कारण सांगावे लागेल असे त्याला वाटलेच नव्हते.

गावातल्या संगीत मंडळाने सलोमीला तिची पहिली पूर्ण मैफल देऊ केली. त्याआधी मंडळाच्या सभासदांपुढे एक लहानसा कार्यक्रम व्हायचा होता, ओळख म्हणून. पियानोवर हेरंब, आणि जोडीला बास, म्हणजे खर्जात बोलणारे माणसाएवढे उभे तंतुवाद्य, वाजवणारे एक बुजुर्ग काका. कार्यक्रम रंगत चालला होता. शेवटचे गाणे होते पांढरी एक पट्टीत, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या सुराला षड्ज धरून. पहिले कडवे सलोमीने सुंदर गायले. मग मोकळी जागा आली, आणि हेरंब आपल्या लाडक्या स्केलमध्ये शिरला.

तो शिरला, फिरला, वर गेला, खाली आला. पूर्ण-अर्धे, पूर्ण-अर्धे. लोक सरसावून बसले. त्याचे डोळे मिटलेले होते. शेवटी मोठ्या झोकात तो बाहेर पडला, आणि पडला तो काळी दोनमध्ये, म्हणजे दीड पाऊल वर. घर होते पांढरी एकमध्ये. चार दारांपैकी तो पुढच्या दाराने बाहेर आला होता, आणि दारे सगळी सारखीच असल्याने त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

सलोमीने नेहमीप्रमाणे पियानोवरून सूर घेतला. विश्वासाने घेतला, हे मी मुद्दाम सांगितले पाहिजे. काकांचा बास जुन्याच पट्टीत होता. त्यांनी गडबडून एक-दोन सूर चाचपडले. इकडे कडवे चढत गेले, आणि जिथे सलोमीचा आवाज एरवी जेमतेम पोचे, त्याच्याही वरचा सूर तिच्यापुढे उभा राहिला. तिने प्रयत्न केला. आवाज फाटला.

समोरच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "पूर्ण मैफल पेलायची नाही हो या मुलीला." त्या हळू बोलल्या, पण सभागृहात नेमकी तेव्हाच शांतता होती.

नंतर हेरंब काकांवर चिडला. बास चुकला म्हणून सगळे बिघडले, असे तो म्हणाला. काकांनी बासवर गवसणी चढवली. सलोमी मात्र बोलली. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्याचीच हेरंबला जास्त भीती वाटली.

"हेरंब, मी तुझ्याकडून सूर घेतला. तू मला कुठं सोडलंस?"

"मी बरोबर वाजवत होतो. एकही सूर स्केलच्या बाहेरचा नव्हता. हवं तर मंडळानं केलेलं ध्वनिमुद्रण ऐक."

"मैफलीला मी दुसरं कोणी बघते," ती म्हणाली आणि निघून गेली.

हेरंबने ध्वनिमुद्रण ऐकले. पुन्हा पुन्हा ऐकले. आपण कोणत्या दाराने बाहेर पडलो ते त्याला कळले. पण गंमत अशी, की त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. स्केलच्या बाहेरचा सूर खरोखरच एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांकडे गेला आणि सगळे सांगून म्हणाला, "मास्तर, माझा हिशेब चुकला. मला असा काही सराव सांगा, की कितीही वेगात असलो तरी मी कितव्या सुरावर आहे हे मला कळत राहील. नाहीतर सलोमी माझ्याबरोबर पुन्हा गाणार नाही, आणि..." मग एकदम बोलून गेला, "आणि तिच्याशिवाय मला वाजवायचंच नाही."

मास्तर म्हणाले, "उद्या सकाळी कंपनी बागेत ये. बँडस्टँडपाशी. येताना एक पंचा आण."

"पंचा?"

"स्वच्छ धुतलेला आण."

कंपनी बागेतला बँडस्टँड इंग्रजी अमदानीतला. उंच जोते, त्यावर आठ दगडी खांब आणि वर घुमटासारखे छप्पर. मास्तरांनी तरुणपणी तिथेच क्लॅरिनेट वाजवले होते. हेरंब पोचला तेव्हा ते काठी टेकत आधीच वर उभे होते. सकाळी फिरायला येणारी मंडळी बागेत होती, माळी पाणी घालत होता आणि फाटकापलीकडे पिठाच्या गिरणीची धडधड नुकती सुरू झाली होती.

मास्तरांनी हेरंबला मधोमध उभे केले आणि पंचाने त्याचे डोळे घट्ट बांधले.

"मास्तर, आंधळी कोशिंबीर?" हेरंबला हसावे की रडावे कळेना. ज्या बागेत तो उभा होता, तिथे त्याच्या शाळेतली निम्मी मुले संध्याकाळी खेळायला येत.

"कोणीतरी तुझी वाट बघतंय," मास्तर म्हणाले. "त्याच्यापाशी जा." आणि त्यांनी त्याला खांद्याला धरून गरागरा फिरवले.

शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले, "काय मास्तर, हे काय चाललंय?"

"रियाज," मास्तर म्हणाले.

हेरंब हात पुढे करून निघाला. आधी एक खांब लागला. खांबापलीकडे कमरेएवढा दगडी कठडा, अरुंद. मग पुन्हा खांब, आणि पुढे रुंद मोकळी जागा, तिथे पायऱ्या. पुढे पुन्हा खांब, अरुंद कठडा, खांब, रुंद मोकळी जागा, पायऱ्या. त्याने मोजायला सुरुवात केली. पण मोजणार कुठून? पहिला खांब कोणता हेच ठाऊक नव्हते. शेवटी, गणिताचा माणूस असूनही, त्याने नशिबावर हवाला ठेवला आणि एका बाजूच्या पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीनंतर त्याचे पाऊल घोट्यापर्यंत माळ्याच्या पालापाचोळ्याच्या खतात रुतले.

फिरायला आलेली मंडळी मनसोक्त हसली. सकाळच्या वेळी एवढे फुकटचे सुख कोणाला नको असते?

हेरंबने पंचा वर करून पाहिले, आणि बँडस्टँडकडे बघता बघता त्याचा चेहरा उजळला. "मास्तर! रुंद, अरुंद, रुंद, अरुंद. आठ खांब. चार बाजूंना पायऱ्या. हे तर ते स्केलच आहे! समजलं मला."

"तुला फार लवकर समजतं," मास्तर म्हणाले. "पाय झाड आणि वर ये."

त्यांनी पुन्हा डोळे बांधले, पुन्हा तेच वाक्य म्हटले आणि पुन्हा फिरवले. या वेळी हेरंब हुशार झाला होता. तो खांबांपाशी गेलाच नाही. मधोमध उभा राहून त्याने गिरणीची धडधड ऐकली. गिरणी फाटकासमोर होती, म्हणजे आवाजाच्या दिशेने फाटकाच्या पायऱ्या. पायऱ्या चार बाजूंना, एक खताकडे, एक रिकाम्या हौदाकडे, एक गुलाबांच्या वाफ्याकडे आणि एक फाटकाकडे. वाट बघणारा माणूस फाटकापाशीच उभा असणार, नाही का? तो सरळ चालत गेला, अचूक पायऱ्या उतरला आणि हात पुढे करून म्हणाला, "आलो!"

कोणी उत्तर दिले नाही.

"मास्तर?"

"मी इथंच आहे, वर," मास्तरांचा आवाज मागून आला. "फाटकापाशी तू बरोबर पोचलास. पण फाटकाकडे जा असं मी कधी म्हटलं?"

हेरंबने पंचा काढला. फाटकापाशी कोणी नव्हते. त्याने जोत्याला वळसा घालून पाहिले. पलीकडच्या बाजूला, गुलाबांच्या वाफ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर, मांडीवर पर्स ठेवून सलोमी बसली होती. आदल्या संध्याकाळी मास्तर दुखरे गुडघे घेऊन तिच्या घरी जाऊन आले होते, हे त्याला नंतर कळले.

"मास्तर म्हणाले म्हणून आले," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही."

"पण तू गप्प बसली होतीस. मला कसं कळणार?"

"मी गप्प नव्हते. मगापासून गुणगुणतेय. तू गिरणी ऐकत होतास."

हेरंब वर आला आणि त्याने स्वतःच पंचा डोळ्यांवर बांधला. मास्तरांनी त्याला फिरवले. या वेळी तो बराच वेळ नुसता उभा राहिला. गिरणी धडधडत होती. माळ्याची बादली वाजली. एक साळुंकी भांडत होती. आणि या सगळ्याच्या खाली, मुद्दाम कान दिल्याशिवाय ऐकू येणार नाही असा, एक सूर होता. गाणे नव्हे, गाण्याचा पहिला सूर फक्त. कोणी कपडे वाळत घालताना गुणगुणते तसा. मध्येच तो थांबे, श्वास घेतल्याचा हलका आवाज येई आणि सूर पुन्हा सुरू होई. हेरंब त्या दिशेने चालू लागला. खांब चाचपले नाहीत, पायऱ्या मोजल्या नाहीत. उतरला आणि थांबला. सूर अगदी जवळून येत होता.

मास्तर काठी टेकत त्याच्यामागून खाली आले आणि कठड्याला टेकून म्हणाले:

"हेरंब, तुझ्या त्या स्केलमध्ये खोटा सूर एकही नाही, हे कबूल. या खांबांतही खोटा एकही नाही. पण घर कोणत्या बाजूला, हे खांबांना विचारून कळेल का? चारी बाजूंना सारखाच दगड. तू आत कितीही फिर, कितीही मोज, बाहेरची खूण आत सापडायची नाही. तुझे वडील पेटी वाजवायचे तेव्हा मागं तंबोरा सतत षड्ज धरून असायचा. माणूस भरकटला तरी परत येऊ शके. इथं तंबोरा नाही. इथं षड्ज असतो गाणारीच्या मनात, तिच्या पुढच्या श्वासात. तू वाजवतोस तेव्हा डोळे मिटतोस, त्याचं काही नाही. पण तू कानही मिटतोस रे."

मग ते गिरणीच्या दिशेने काठी उचलून म्हणाले, "आणि फाटकाचं ध्यानात ठेव. फाटक रोज तिथंच असतं. माणूस जागा बदलतं."

हेरंबने डोळ्यांवरचा पंचा सोडला. सलोमी समोरच होती, पण तिच्याकडे बघायला त्याला धीर होईना. तो पायाला लागलेल्या खताकडे बघत म्हणाला, "सलोमी, त्या दिवशी तुझा आवाज फाटला नाही. मी तुला भलत्याच दारातून बाहेर काढलं. वर काकांवर चिडलो. मला फार वाईट वाटतं."

"हे मला काय सांगतोस? मला ठाऊक आहे," सलोमी म्हणाली. "पुढच्या रांगेतल्या बाईंना सांग."

आणि तो खरोखरच गेला. बाईंचा पत्ता काढून, पाय स्वच्छ धुऊन, त्यांच्या घरी जाऊन त्याने सांगितले की चूक माझी होती, तिची नव्हती. बाईंनी त्याला चहा दिला. आपण असे काही बोललो होतो हेच त्यांना आठवत नव्हते. काकांकडेही तो गेला, ते एवढेच म्हणाले, "बरं झालं बोललास. तालीम कधी आहे?"

सलोमीने दुसरा वादक पाहिला नाही. का, ते तिने सांगितले नाही आणि हेरंबनेही विचारायचे धाडस केले नाही. तालमींत तो आता कमी वाजवी. डिमिनिश्ड स्केल त्याने सोडले नाही. मास्तरांनीही सोडायला सांगितले नव्हते. पण त्यात शिरला की त्याची मान किंचित कलू लागली, शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावे आणि ते ऐकायचे असावे तशी.

मैफलीच्या दिवशी सलोमीला सर्दी झाली होती. गरम पाणी, मध, आले, सगळे झाले. कार्यक्रम संध्याकाळी वेळेवर सुरू झाला आणि पहिली काही गाणी तिने निभावून नेली. पण शेवटच्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात हेरंबला ऐकू आले की तिच्या आवाजाची वरची कड झिजली आहे. गाणे तेच होते. पट्टीही तीच, पांढरी एक. दुसरे कडवे चढायचे होते, आणि पुढच्या रांगेत त्याच बाई बसल्या होत्या.

मोकळी जागा आली. हेरंब स्केलमध्ये शिरला. पूर्ण, अर्धे, पूर्ण, अर्धे. खांब फिरू लागले. घर पांढरी एकमध्ये आहे हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि या वेळी दार चुकणार नव्हते. बोटे त्या दिशेने वळलीसुद्धा. तेवढ्यात त्याने सलोमीचा श्वास ऐकला. तिने मान वळवली होती, माइकपासून तोंड बाजूला घेतले होते आणि ती आपल्याशीच, अगदी हळू, एक सूर गुणगुणत होती. तो सूर ठरल्या पट्टीचा नव्हता. तो बराच खालचा होता, पांढरी सहाचा. तिच्या थकलेल्या गळ्याने आपल्याला झेपेल अशी जागा शोधली होती. ते ती कोणाला सांगू शकत नव्हती. भर मैफलीत कशी सांगणार?

त्याच स्केलमधून पांढरी सहाकडेही एक दार उघडत होते. चारांपैकी एक. ज्या सममितीने त्या दिवशी घात केला होता, तीच आज हात जोडून उभी होती. हेरंबने फक्त पायऱ्या बदलल्या. त्याने सुरावट हळूच खाली वळवली, काकांकडे एकदा पाहिले, आणि काकांचे बोट बासवर खाली सरकले. पियानो नव्या पट्टीत येऊन टेकला, आणि तिथे सलोमी होती.

दुसरे कडवे तिने गायले. चढाचा सूर आला तेव्हा तो तिच्या आवाक्यात होता, आणि तिच्या आवाजातली ती खालची ऊब सगळ्या सभागृहावर पसरली. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले. गाण्याची पट्टी मध्येच बदलली हे कळले ते फार थोड्यांना, आणि त्यांनाही वाटले की बसवलेलेच तसे असेल. हेरंबच्या वादनाविषयी कार्यक्रमानंतर कोणी चकार शब्द काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याचे वाईट वाटले नाही. उलट असा आनंद झाला, की तो लपवण्यासाठी तो पियानोचे झाकण उगीचच पुसत बसला.

मास्तर सगळ्यांत मागे बसले होते. गर्दी ओसरल्यावर ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "काय रे, फाटकाच्या पायऱ्या सोडल्यास?"

"तिथं कोणी नव्हतं, मास्तर," हेरंब म्हणाला.

मास्तरांनी मान डोलावली आणि ते काकांशी बासच्या तारांविषयी बोलू लागले. त्यांना जे ऐकायचे होते ते ऐकून झाले होते.

आपल्यापैकी पुष्कळांचे असे होते. बोलताना आपला शब्द एकही चुकीचा नसतो, वाटल्यास ध्वनिमुद्रण ऐकावे; आणि तरी समोरच्या माणसाचा आवाज फाटतो.

सलोमी दोन्ही हातांत गरम पाण्याचा पेला धरून विंगेत बसली होती. हेरंब तिच्याजवळ गेला. ती घसा खाकरत म्हणाली, "पुढच्या वेळी गळा ठीक असेल तर पांढरी एकमध्येच गाईन. आधी सांगेन तुला."

"नाही सांगितलंस तरी चालेल," हेरंब म्हणाला. "मी ऐकेन."